सर्ज सोनेरों आणि एस्नाच्या मंदिराचे लेख : एक परीक्षण

१

प्राचीन इजिप्तच्या धर्मेतिहासावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात जे लेखन झाले, त्यात एक मत जवळजवळ गृहीतच धरलेले आढळते. पिरॅमिडांच्या काळात आणि पुढे थीब्झच्या साम्राज्यकाळात या धर्मात जो जिवंतपणा होता, तो ग्रीक आणि रोमन अमलात आटून गेला. मंदिरे उभी राहत होती, त्यांच्या भिंती लेखांनी भरून निघत होत्या, परंतु हे लेख म्हणजे अर्थाचा विसर पडलेल्या पुरोहितांनी केलेली जुन्या सूत्रांची पुनरावृत्ती होय, असे ते मत. या मताचा परिणाम केवळ मूल्यमापनापुरता राहिला नाही. ज्या लेखांत नवीन काही सापडण्याची आशा नाही, ते उतरून घेण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आणि जे उतरून घेतलेले नाहीत, त्यांच्याविषयीचे मत दुरुस्त होण्याचा संभवही उरत नाही. अशा प्रकारे अनास्था आणि अज्ञान ही एकमेकांना पोसत राहिली.

हे दुष्टचक्र ज्या थोड्या अभ्यासकांनी मोडले, त्यांत फ्रेंच इजिप्तविद्यावेत्ते सर्ज सोनेरों यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म १९२७ साली पॅरिस येथे झाला. एकोल नॉर्माल स्युपेरिअर या नामांकित शिक्षणसंस्थेत शिक्षण घेऊन ते तरुणपणीच कैरो येथील फ्रेंच प्राच्य पुरातत्त्व संस्थेत दाखल झाले. वयाच्या पंचविशीत, १९५२ मध्ये, त्यांनी प्रेतसंस्काराच्या, म्हणजे शव टिकवून ठेवण्याच्या विधीच्या पोथीचे संपादन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी झां योयोत यांच्या सहकार्याने लिहिलेला दुसऱ्या प्सामेतिख राजाच्या न्यूबियावरील मोहिमेसंबंधीचा त्यांचा निबंध प्रकाशित झाला. १९६९ मध्ये ते कैरोच्या संस्थेचे संचालक झाले आणि ३ जून १९७६ रोजी इजिप्तमध्येच मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४९ वर्षांचे होते. या पंचवीस वर्षांच्या आयुष्यक्रमात त्यांनी पुष्कळ विषय हाताळले. तथापि त्यांच्या अभ्यासाचा कणा म्हणजे एस्ना येथील ख्नूम देवाच्या मंदिराचे लेख होत. या कार्याचे मोल ठरविताना एक प्रश्न टाळता येत नाही. सोनेरों यांनी लेख वाचण्याची जी दृष्टी दिली, तिला त्यांनी स्वतः सिद्ध केलेले संपादन कितपत पुरे पडते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याच अनुरोधाने त्यांच्या कार्याचा विचार केला आहे.

२

एस्ना हे गाव लक्सरच्या दक्षिणेस सुमारे ५५ किलोमीटरांवर नाईलच्या पश्चिम तीरी आहे. ग्रीकांनी त्यास तेथे पूज्य मानल्या जाणाऱ्या माशावरून लातोपोलिस असे नाव दिले होते. येथील मंदिराचा केवळ पुढचा सभामंडप आज शिल्लक आहे. गावाची वस्ती शतकानुशतके थरावर थर चढत गेल्यामुळे हा मंडप आजच्या रस्त्याच्या पातळीखाली सुमारे नऊ मीटर खोल खळग्यात उभा दिसतो. त्याची लांबी ३७ मीटर, रुंदी २० मीटर आणि उंची १५ मीटर असून छत २४ स्तंभांनी तोलून धरले आहे. मंडपाची मागची भिंत म्हणजे मूळच्या टॉलेमीकालीन मंदिराची दर्शनी भिंत होय. तिच्यावर सहाव्या व आठव्या टॉलेमीची नावे आहेत. उरलेला मंडप रोमन सम्राटांच्या कारकिर्दीत पहिल्या शतकात बांधला गेला आणि त्यावरील कोरीव काम पुढे सुमारे दोनशे वर्षे चालू राहिले. एका शिल्पात सेप्टिमियस सेव्हेरस आपली पत्नी व पुत्र यांच्यासह दाखविला आहे, त्यातील गेटा या पुत्राची आकृती त्याच्या खुनानंतर खरडून काढलेली दिसते. येथील सम्राटनामांत शेवटचे नाव डेसियसचे, म्हणजे २४९ ते २५१ या काळातील आहे. चित्रलिपीतील अखेरचा दिनांकित लेख फिले बेटावर ३९४ साली कोरला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे एस्ना हे या लेखनपरंपरेच्या सायंकाळचे किती मोठे भांडार आहे, याची कल्पना येईल.

या मंदिराच्या आधुनिक अभ्यासाचा प्रारंभच एका गैरसमजाने झाला. नेपोलियनच्या स्वारीबरोबर आलेल्या फ्रेंच विद्वानांनी एस्ना व देंदेरा येथील छतांवरील राशिचक्रे पाहिली आणि त्यांतील ग्रहताऱ्यांच्या स्थितीवरून ही मंदिरे हजारो वर्षांपूर्वीची ठरविली. या अनुमानावर युरोपात मोठा वाद माजला. १८२२ नंतर शांपोल्योंनी चित्रलिपी उलगडली, भिंतींवरील नाममुद्रांतून रोमन सम्राटांची नावे वाचली, आणि तो वाद एकदम निकालात निघाला. अतिप्राचीन म्हणून गौरविलेले मंदिर अगदी अलीकडचे ठरले. दुर्दैवाने त्याबरोबर त्याच्याविषयीचे कुतूहलही ओसरले. प्राचीनत्व हीच ज्या अभ्यासाची कसोटी होती, त्या अभ्यासात उत्तरकालीन असणे हाच दोष मानला गेला.

एदफूच्या मंदिराचे भाग्य तुलनेने बरे. माक्सांस द रोशमोन्ते यांनी तेथील लेख उतरून घेण्यास आरंभ केला होता. १८९१ मध्ये त्यांचा अकाली मृत्यू झाल्यावर एमिल शासिना यांनी ते काम हाती घेऊन १९३४ पर्यंत तडीस नेले. त्यासाठी कैरोच्या संस्थेच्या छापखान्यात चित्रलिपीचे हजारो खिळे ओतविले गेले, कारण अभिजात काळी सुमारे सातशे असलेली चिन्हसंख्या टॉलेमीकाळात कित्येक हजारांवर गेली होती. पुढे शासिना देंदेराकडे वळले व त्यांच्या पश्चात फ्रांस्वा दोमा यांनी ते काम पुढे नेले. एस्ना मात्र मागेच राहिले. मंडपाच्या आतील भागावर धुराची काजळी आणि पक्ष्यांची विष्ठा यांची पुटे चढली होती. लेखांची लिपीही एदफूच्या लिपीहून दुर्बोध होती. सोनेरों यांनी हे काम अंगावर घेतले तेव्हा त्यांच्यापुढे प्रस्थापित पद्धती नव्हती आणि विषयाला प्रतिष्ठाही नव्हती.

३

एस्ना ग्रंथमालेचा पहिला खंड १९५९ मध्ये निघाला. त्यात तेथील चार मोहिमांचे वृत्त आहे. मूळ लेखांचे खंड १९६३, १९६८, १९६९ व १९७५ या वर्षी प्रसिद्ध झाले. या मालेतील पाचवा खंड मात्र मूळ लेखांच्या खंडांच्या आधी, १९६२ मध्येच वाचकांच्या हाती आला, आणि तोच सोनेरों यांच्या विचाराचे खरे अधिष्ठान आहे. मूर्तिपूजेच्या अखेरच्या शतकांत एस्ना येथे साजरे होणारे धार्मिक उत्सव हा त्याचा विषय.

या खंडातील मूळ कल्पना थोडक्यात सांगता येते. मंडपाच्या स्तंभांवर जे दीर्घ लेख आहेत ते पूर्वीच्या अभ्यासकांना सुटे सुटे वाटत होते. कुठे स्तोत्र, कुठे सृष्टिकथा, कुठे विधीची सूचना. सोनेरों यांनी मंडपातच कोरलेल्या उत्सवपंचांगाशी हे लेख ताडून पाहिले. तेव्हा त्यांना दिसून आले की शेजारशेजारचे स्तंभ एकेका उत्सवाला वाहिलेले आहेत. त्यांवरील स्तोत्रे, कथा आणि सूचना एकाच उत्सवाच्या कार्यक्रमाचे भाग आहेत. एवंच, लेखाचा अर्थ त्याच्या शब्दांत जितका आहे तितकाच तो कोठे कोरला आहे आणि वर्षाच्या कोणत्या दिवशी म्हटला जात असे, यांतही आहे.

या पद्धतीचे सामर्थ्य दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. एस्ना येथे ख्नूमच्या बरोबरीने नेथ या देवीची आद्य सृष्टिकर्ती म्हणून उपासना होत असे. एका स्तंभावरील कथेत ती आदिजलातून स्वतःच प्रकट होते, गाईचे रूप घेते आणि सात उच्चारांनी जग अस्तित्वात आणते. तिच्या पोटी सूर्य जन्मतो; आई दिसेना म्हणून तो रडतो, आणि त्याच्या अश्रूंपासून माणसे उत्पन्न होतात. इजिप्ती भाषेत अश्रू आणि माणूस या शब्दांत ध्वनिसाम्य आहे, त्यावर ही कल्पना बेतलेली आहे. सूर्याचा वैरी असणारा महासर्प अपोफिस हाही याच देवीच्या थुंकीतून निर्माण होतो. म्हणजे विरोधी तत्त्वाचे मूळही सृष्टीच्या बाहेर नाही. ही कथा स्वतंत्रपणे वाचली तर ती एक तत्त्वचिंतनपर रचना वाटते, आणि तशी ती आहेही. परंतु कथेच्या शेवटी देवी सूर्याला आपल्या शिंगांमध्ये घेऊन साईस नगरीस पोहोचते, आणि तो दिवस एपिफी महिन्याची १३ तारीख असल्याचे सांगितले आहे. त्याच तिथीला एस्ना येथे नेथचा उत्सव भरत असे. सोनेरों यांच्या विवेचनामुळे हे उघड झाले की ही सृष्टिकथा म्हणजे त्या दिवशी पुन्हा घडवून आणावयाच्या घटनेचे शब्दरूप आहे. कथा आणि कृती ही येथे वेगळी काढता येत नाहीत.

दुसरे उदाहरण ख्नूमचे. मेंढ्याच्या मस्तकाचा हा देव कुंभार आहे. त्याच्या महास्तोत्रात तो आपल्या चाकावर देव, माणसे, गुरे, पक्षी आणि मासे घडवितो. केस, त्वचा, हाडे, श्वास, पोट यांची योजना एकेक करून वर्णिली आहे. परकीय लोकांची भाषा वेगळी असली तरी त्यांचाही घडविता तोच आहे, असे त्यात सांगितले आहे. रोमन अमलाखालील एका लहान नगरातील पुरोहिताच्या लेखणीतून हा विचार यावा हे लक्षणीय आहे. या स्तोत्राची जागा फामेनोथ महिन्याच्या पहिल्या तिथीच्या उत्सवात आहे. त्या दिवशी कुंभाराच्या चाकाच्या स्थापनेचा विधी होत असे. देवाने आपले चाक प्रत्येक मादीच्या उदरात ठेवावे, जेणेकरून घडविण्याचे काम तेथे अखंड चालू राहील, असा त्या विधीचा आशय आहे. पूर्वी एकदा झालेली सृष्टी आणि रोज होणारे जन्म यांचा सांधा येथे जोडला गेला आहे. ज्या धर्माला निर्जीव म्हटले गेले, त्याने आपल्या जुन्या देवतेचे रूपक इतक्या दूरवर नेले, ही गोष्ट त्या मताच्या विरोधी पुराव्यांत सर्वांत प्रबळ होय.

या खंडात प्रातःकाळी देवाला जागविण्याचे स्तोत्रही आहे. त्यात देवाची एकेक नावे घेऊन त्याला शांतपणे जागे होण्याची विनंती केली जाते. मराठी वाचकाला भूपाळ्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु अशा साम्यावरून संबंधाचे अनुमान करण्याचा मोह सोनेरों यांच्या पद्धतीने आवरला जातो, कारण ती प्रत्येक स्तोत्राला त्याच्या स्वतःच्या मंदिरात, स्वतःच्या तिथीस बांधून ठेवते.

४

लिपीविषयीचा त्यांचा विचारही याच दृष्टीतून आलेला आहे. टॉलेमीकालीन लिपीत एकेका चिन्हाला अनेक ध्वनिमूल्ये कशी प्राप्त झाली, याविषयी त्यांच्या आधीच्या पिढीत तीव्र मतभेद होता. एत्येन द्रियोतों यांच्या मते चिन्हाने दर्शविलेल्या शब्दाचे आद्याक्षर घेण्याची रीत हे त्याचे मुख्य कारण होते. लिव्हरपूलचे एच. डब्ल्यू. फेअरमन यांनी १९४३ व १९४५ मधील निबंधांत याचा प्रतिवाद केला. शब्दातील दुर्बल व्यंजने गळून आणि समान व्यंजने एकत्र येऊन सशक्त व्यंजन उरते, म्हणून लिपीत मनमानी नसून नियम आहे, असे त्यांनी दाखविले.

सोनेरों यांनी या वादाला निराळे वळण दिले. प्ताह या देवाचे नाव उत्तरकालीन लेखनिक कधी कधी तीन चिन्हांनी लिहितात : वर आकाश, खाली पृथ्वी आणि दोहोंच्या मध्ये हात उंचावून आकाश तोलणारा देव. आकाशाचा शब्द ‘पेत’, पृथ्वीचा ‘ता’ आणि त्या देवाचे नाव ‘हेह’. यांतून प, त आणि ह हे ध्वनी मिळतात. द्रियोतोंचा नियम लावला तरी हे वाचन निघते आणि फेअरमनचा लावला तरी निघते. पण ध्वनी दर्शविण्यास इतर साधी चिन्हे उपलब्ध असता नेमकी हीच का निवडली, याचे उत्तर दोन्ही नियमांत नाही. ते चित्रात आहे. आकाश आणि पृथ्वी यांना विलग करणारा निर्माता हे प्ताहचे वर्णन त्याच्या नावाच्या लेखनातच दिसते. वाचणाऱ्याला नाव ऐकू येते आणि त्याच वेळी देवाचे कार्य पाहावयास मिळते. पूर्वी जिला लेखनिकांची चलाखी म्हटले जाई ती सोनेरोंच्या दृष्टीने धर्मविचार मांडण्याची रीत आहे. या विषयावरील त्यांचे विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ मध्ये, ग्रंथमालेचा आठवा खंड म्हणून प्रसिद्ध झाले.

मात्र येथेच या दृष्टीची मर्यादाही दिसते. एस्ना येथे दोन विलक्षण लेख आहेत : एक जवळजवळ सर्वस्वी मेंढ्यांच्या आकृतींनी लिहिलेला, दुसरा मगरींच्या आकृतींनी. चित्राला अर्थ असतो या तत्त्वाने या लेखांचे सामान्य स्वरूप कळते. मेंढा ख्नूमचा आणि मगर सोबेकची. पण एकाच प्राण्याच्या आकृतींच्या ओळीतून शब्द कसे काढावयाचे, हे त्या तत्त्वाने कळत नाही. त्यासाठी पुन्हा ध्वनिमूल्यांच्या कठोर अभ्यासाकडेच वळावे लागते. ख्रिश्चन लाइट्झ यांनी २००१ मध्ये या दोन लेखांवर स्वतंत्र निबंध लिहिला, तो याच बाजूने. चित्राचा अर्थ आणि ध्वनीचा नियम ही दोन्ही साधने हाताशी असावी लागतात. सोनेरोंच्या लेखनात पहिल्यावर भर अधिक पडला आहे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

५

विशेषज्ञांच्या वर्तुळाबाहेर सोनेरों यांचे नाव झाले ते प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांवरील १९५७ च्या छोट्या पुस्तकामुळे. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६० मध्ये झाले आणि २००० मध्ये सुधारलेल्या आवृत्तीचे नवे भाषांतरही निघाले. पुरोहित म्हणजे गूढविद्येचा रक्षक ही जी कल्पना युरोपच्या मनात ग्रीक ग्रंथकारांपासून रुजली होती, तिची या पुस्तकाने झाडाझडती घेतली. त्यातील पुरोहित हा उपदेशक नाही आणि भक्तांचा मार्गदर्शकही नाही. तो देवाच्या घरचा सेवक आहे. राजाच्या वतीने देवाची पूजा त्याने करावयाची असते. पुरोहितांचे गट आळीपाळीने एकेक महिना सेवा करीत आणि उरलेल्या काळात आपापल्या व्यवसायात असत. शरीराचे केस काढणे, दिवसा व रात्री ठरलेल्या वेळी थंड पाण्याने स्नान, काही अन्नांचा त्याग, हे शुद्धीचे नियम पाळण्यास ते बांधलेले होते. त्यांच्यात विद्वान होते तसे लोभीही होते, आणि सोनेरों दोघांचीही हकीकत सारख्याच समतोलाने सांगतात.

हे पुस्तक आजही वाचनीय आहे. परंतु त्यातील एका दोषाकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्यातील पुरावा पुष्कळ अंशी उत्तरकालीन मंदिरांतून आणि हेरोडोटससारख्या ग्रीक लेखकांकडून आलेला आहे, आणि चित्र मात्र तीन हजार वर्षांच्या इजिप्ती पुरोहिताचे उभे राहते. प्राचीन राज्याच्या काळात मंदिरसेवा करणारा गृहस्थ आणि एस्ना येथे हॅड्रियनच्या काळी स्तोत्र रचणारा पंडित यांच्यामध्ये जे अंतर आहे ते पुरेसे जाणवत नाही. स्थळ आणि काळ यांना लेख बांधून ठेवण्याची जी शिस्त त्यांनी पाच वर्षांनी उत्सवांच्या खंडात पाळली, ती या पुस्तकाला लावली असती तर त्याचा आकार वेगळा झाला असता. अर्थात हे पुस्तक त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर लिहिले होते, आणि त्यातील गुणदोषांचा पुढील कार्याशी असणारा संबंध हीच त्याची खरी टीका आहे.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. २०१८ पासून इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने जर्मनीतील तूबिंगेन विद्यापीठाच्या सहकार्याने एस्नाच्या मंडपाची साफसफाई हाती घेतली. त्यात इजिप्तच्या बाजूने हिशाम एल-लैथी आणि तूबिंगेनच्या बाजूने लाइट्झ हे प्रमुख होते. काजळीचा आणि विष्ठेचा थर उतरताच खालून मूळचे रंग प्रकट झाले. त्याबरोबर एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली. छतावरील काही नक्षत्रांच्या आकृतींजवळ त्यांची नावे शाईने लिहिलेली होती. ती कधी कोरलीच गेली नव्हती, म्हणून काजळीखाली ती कोणालाही दिसणे शक्य नव्हते. त्यांपैकी काही नावे विद्वानांना सर्वस्वी नवीन होती. सम्राट डोमिशियनच्या काळचा एक ग्रीक मजकूरही असाच शाईत लिहिलेला सापडला.

या शोधामुळे सोनेरों यांचे संपादन निकामी झाले काय? तसे मुळीच झाले नाही. साफसफाईनंतरचे काम त्यांच्याच क्रमांकांनी, त्यांच्याच प्रतीवर आधारून चालले आहे. काळवंडलेल्या भिंतीवरून, अपुऱ्या प्रकाशात, सवयीच्या नसलेल्या लिपीतील शेकडो लेख एका माणसाने उतरून घेतले आणि ते आधारभूत ठरले, ही गोष्ट सामान्य नव्हे. त्यांनी मागे ठेवलेल्या साहित्यातील एक खंड २००९ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर ३३ वर्षांनी, योखेन हालोफ यांच्या परिश्रमाने प्रसिद्ध झाला.

तरीही एक विसंगती उरतेच. लेखाचा अर्थ त्याच्या जागेत आहे, हे सोनेरों यांनीच शिकविले. चिन्ह वाचावयाचे तसेच पाहावयाचेही असते, हेही त्यांनीच सांगितले. पण छापील खंडांत तो लेख क्रमांक घेऊन पानावर येतो. शेजारचा लेख पुढच्या पानावर जातो, स्तंभाचा गोलवा सपाट होतो आणि रंग तर येतच नाही. वाचकाने मंडपाचा आराखडा जवळ घेऊन मनाशी मंदिर पुन्हा उभारले तरच उत्सवांच्या खंडातील प्रतिपादन त्याला पडताळून पाहता येते. रंगांच्या बाबतीत सोनेरों निरुपाय होते. न दिसणारी गोष्ट त्यांनी नोंदवावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु कोरलेला मजकूर तेवढाच लेख, ही व्याख्या मात्र त्यांच्या काळच्या सर्व संपादकांप्रमाणे त्यांनीही न तपासता स्वीकारली होती. एस्नाच्या कलावंताच्या दृष्टीने छिन्नी, रंग आणि शाई ही एकाच कामाची तीन साधने होती. छिन्नीचे काम तेवढे लेखात जमा करावयाचे आणि कुंचल्याचे सजावटीत, ही वाटणी आधुनिक छापखान्याच्या सोयीची आहे, मंदिराची नव्हे.

या विसंगतीचे कारण निष्काळजीपणात शोधू नये. अपरिचित लेख प्रथम वाचनीय स्वरूपात सर्वांपुढे ठेवणे, आणि तो त्याच्या संपूर्ण परिसरासह दाखविणे, या दोन कर्तव्यांची ओढ परस्परविरुद्ध असते. पहिल्यासाठी लेख भिंतीपासून सोडवावा लागतो. दुसऱ्यासाठी तो तेथेच ठेवावा लागतो. सोनेरों यांनी पहिले कर्तव्य संपादनात आणि दुसरे विवरणात पार पाडण्याचा मार्ग पत्करला. त्या काळच्या साधनांत याहून चांगला मार्ग कोणता होता, हे सांगणे कठीण आहे. उत्सवांचा खंड त्यांनी मूळ लेखांच्या खंडांआधी प्रसिद्ध केला, यातही या अडचणीची जाणीव दिसते. लेख हाती पडण्यापूर्वी तो कसा वाचावा हे वाचकाला ठाऊक असावे, अशी ती योजना असावी.

७

सोनेरों यांच्या कार्याचा निष्कर्ष मांडताना त्यांच्या ग्रंथांची संख्या किंवा त्यांच्या पदांची यादी पुरेशी नाही. त्यांनी केलेल्या बदलाचे माप एका साध्या तुलनेने घेता येते. त्यांच्यापूर्वी एस्नाविषयी विचारला जाणारा प्रश्न हा होता की, या लेखांत प्राचीन काळचे काय शिल्लक आहे? त्यांच्यानंतरचा प्रश्न असा की, हे लेख ज्यांनी लिहिले त्यांना त्यांच्या स्वतःच्या काळी काय म्हणावयाचे होते? पहिल्या प्रश्नात उत्तरकालीन पुरोहित हा जुन्या वस्तूंच्या कोठाराचा पहारेकरी ठरतो. दुसऱ्यात तो विचार करणारा माणूस ठरतो. ज्या नगरातील सत्ता परक्यांच्या हाती होती, ज्याच्या भाषेची लिपी वाचणारे दर पिढीत घटत होते, त्या नगरातील काही माणसे सृष्टी, जन्म, वैर आणि परकेपणा यांविषयी नव्याने लिहीत होती, आणि ते दगडावर कोरून ठेवणे त्यांना अगत्याचे वाटत होते. धर्माच्या इतिहासात ऱ्हास हा शब्द किती जपून वापरावा, याचा हा धडा इजिप्तपुरता मर्यादित नाही.

त्यांच्या संपादनातील उणीव आज काजळी उतरलेल्या छताने दाखवून दिली आहे. पण ती उणीव म्हणून ओळखता येते ती सोनेरों यांनीच दिलेल्या दृष्टीमुळे. स्थळापासून तोडलेला लेख अपुरा असतो, हे ज्याने शिकविले त्याचे संपादन त्याच कसोटीवर अपुरे ठरावे, यात त्याचा पराभव नाही. त्याची कसोटी खरी होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते. रंगांसह, शाईच्या नावांसह आणि स्तंभांच्या परस्परसंबंधांसह एस्नाचा मंडप नव्याने प्रसिद्ध करण्याचे जे काम पुढील अभ्यासकांवर आले आहे, ते करताना उत्सवांचा तो १९६२ चा खंड त्यांना पदोपदी उघडावा लागेल.